भाव विकणाऱ्याला, पट्टी राहणाऱ्याला

(वनगावांच्या बैठकीत मुंबईतल्या पाड्यांच्या वतीने केलेलं भाषण. बैठकीला येऊ न शकलेल्या गावांसाठी लिहून काढलं आहे. गावात मोठ्याने वाचून दाखवावं.)



आम्ही आरेच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवरची माणसं. तुमच्यासारखेच वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. आमच्या मुली तुमच्याकडे दिल्यात, तुमच्या आमच्याकडे आल्यात. लग्नाला आलो की तुम्ही विचारता, "तुम्ही तर मुंबईवाले. तुमच्या जागेला कोटीचा भाव असेल. मग रडता कशाला?" आज ह्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. कारण तो भाव आता तुमच्या दारात येऊन उभा आहे.

आमच्याकडे मुंबई कशी आली ते आधी ऐका. १९४९ साली आरेत दुग्ध वसाहत झाली, १२८७ हेक्टरची. आमचे पाडे तिच्या आधीपासूनचे. १९७७ साली त्यातलीच जमीन घेऊन चित्रनगरी झाली. मग आणखी कुणा-कुणाला तुकडे दिले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली. पलीकडे राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली अतिक्रमणाविरुद्ध याचिका झाली, १९९७ साली हायकोर्टाचा हुकूम आला आणि हजारो झोपड्या तुटल्या. पर्यायी घरासाठी सात-सात हजार रुपये भरायला सांगितलं गेलं. ह्या सगळ्यात आमच्या पाड्यांनाही अतिक्रमण म्हटलं गेलं.

हे सगळं होत होतं तेव्हा आमच्या चारी बाजूंना अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंडचे भाव चढत होते. भाव चढला म्हणून आमच्या ताटात एक भाकर जास्त आली नाही. आमच्या जागेवर डोळा ठेवणारे तेवढे वाढले.

आता तुमच्याकडे वळू. आजपर्यंत शहर कसं वाढत होतं? लोकल जिथपर्यंत जाते तिथपर्यंत. घाटकोपर-मुलुंडचं घर परवडेना म्हणून माणूस डोंबिवली, बदलापूरला गेला. बोरिवलीचं परवडेना म्हणून विरारला गेला. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. पण त्याला रोज सकाळी कामावर पोचायचं असे, म्हणून तो रुळाला धरून राहिला. जंगलातल्या गावात तो येत नव्हता.

२०२० मध्ये करोना आला, आपिसं बंद झाली आणि कंपन्यांनी सांगितलं, घरूनच काम करा. लॅपटॉप आणि नेट असलं की झालं. अंधेरीच्या चारशे फुटांच्या घरात नवरा एका कोपऱ्यात बोलतोय, बायको दुसऱ्या कोपऱ्यात, पोराची शाळा मोबाइलवर. जागा पुरेना. ज्याच्याकडे पैसा होता त्याने मोठं घर शोधलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सरकारने मुद्रांक शुल्क कमी केलं. मुंबईत पाच टक्के होतं ते डिसेंबरपर्यंत दोन टक्के आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत तीन टक्के. एकट्या डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त घरांची नोंदणी झाली. लॉकडाउनमध्ये आपले लोक चालत गावी परतत होते, आणि त्याच वर्षी हे झालं.

काहींनी मुंबईतच मोठं घर घेतलं. काहींनी अलिबाग, कर्जत, मुरबाड, शहापूरकडे दुसरं घर शोधलं. शनिवार-रविवारपुरतं नाही, आठवडाभर राहून काम करायला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि शहापूर मुंबईला आणखी जवळ आलं. गोव्यातही हेच झालं. आसगाव, शिवोलीसारख्या गावांत दिल्ली-मुंबईचे लोक येऊन राहिले आणि गावातल्या पोरांना गावातच घर घेणं अवघड झालं.

ह्यातली मेख नीट समजून घ्या. पगार अंधेरीचा आणि राहणं तुमच्या गावात. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या जमिनीचा भाव आता तुमच्या तालुक्यातल्या मजुरीवर ठरत नाही. तुम्ही दिवसभर लावणी करून जे मिळवता त्याच्याशी त्या भावाचा काही संबंध उरत नाही. तुमच्या पोराला वेगळं घर बांधायला गावठाणालगत दोन गुंठे घ्यायचे झाले, तर त्याला अंधेरीच्या पगाराशी बरोबरी करावी लागते. ती त्याच्याच्याने व्हायची नाही.

त्या माणसांवर आमचा राग नाही. तीही नोकरदार माणसं. आमच्या बाया त्यांच्याच घरी धुणी-भांडी करतात. पण एक लक्षात ठेवा. मालकीणबाईला घरून काम मिळालं तेव्हा आमच्या बायांना गेटवरच थांबवलं. भांडी घरून घासता येत नाहीत, आणि भातही लॅपटॉपवर लावता येत नाही. आपलं काम जागेला बांधलेलं आहे. म्हणून जागा गेली की आपलं कामही जातं.

आता पट्टीचं. मुंबईत पूर्वी मालमत्ता कर घराला भाडं किती येईल त्यावर ठरायचा. २०१० पासून तो भांडवली मूल्यावर, म्हणजे सरकारच्या रेडी रेकनरमधल्या बाजारभावावर ठरतो. ज्याला विकायचं नाही, फक्त राहायचं आहे, त्यालाही भाव वाढला की हिशेब वाढतो. मग लोक ओरडले. २०१७ च्या निवडणुकीत वचन घेतलं गेलं, आणि १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. शहरातल्या लोकांनी मागितलं म्हणून मिळालं, हे विसरू नका.

तुमच्या ग्रामपंचायतीची घरपट्टीही २०१५ अखेरच्या नियमांनी भांडवली मूल्यावर गेली आहे. हे किती जणांना माहीत आहे? जमिनीचा रेडी रेकनर दर, बांधकामाचा प्रकार, घर किती जुनं, वापर कशाचा, हे सगळं धरून मूल्य काढतात आणि दर हजार रुपयांना काही पैसे असा कर बसतो. समजा तुमच्या घराचं मूल्य १ लाख धरलं आणि दर हजाराला ६० पैसे, तर कर ६० रुपये. बाजूला बंगले झाले, जमिनीचा दर चढला, काही वर्षांनी मूल्य २ लाख झालं, तर कर १२० रुपये. घर तेच. कूड तोच, पडवी तीच. तुम्ही काहीच केलं नाही, पण पट्टी दुप्पट झाली.

तुम्ही म्हणाल, साठ रुपयांनी काय होतं? साठ रुपयांनी कोणी मरत नाही. पण वर्षानुवर्षे थकलं की तोच कागद घेऊन कोणीतरी येतो. दाखला मागायला गेलं की आधी थकबाकी भरा म्हणतात. आणि मग दलाल म्हणतो, "मी भरतो तुमची पट्टी, तुम्ही इथे फक्त अंगठा द्या."

दलालाचे कागद ओळखायला शिका. तो खरेदीखत आणत नाही, कारण त्याला माहीत आहे की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरळ घेता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे, जुलै १९७४ पासून, विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणालाही कलेक्टरची परवानगी लागते. म्हणून दलाल आणतो विसार पावती, साठेखत, कुलमुखत्यारपत्र. नोटरीचा लाल शिक्का मारतो. किंवा एखाद्या आदिवासीच्याच नावावर जमीन घेतो आणि कुंपण दुसऱ्याचं पडतं. आपल्या आज्यांनी सावकाराच्या वहीवर अंगठे दिले, आणि ते मोडायला वारल्यांना १९४५ साली उठाव करावा लागला. आता सावकार गाडीतून येतो, एवढाच फरक.

वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन तर विकताच येत नाही. ती वारसाने पुढे जाते, नवरा-बायको दोघांच्या नावावर असते, पण कुणाला देता येत नाही. काही पोरं म्हणतात, मग त्या जमिनीला किंमत काय? आम्ही आरेतून सांगतो, हीच तिची किंमत आहे. विकता येत नाही म्हणूनच ती तुमच्याकडे राहील. आमच्यातले काही जण तीनशे फुटांच्या खोलीत सातव्या माळ्यावर गेले. तिथे कोंबडी पाळता येत नाही, पावसाळी भाजी लावता येत नाही, दर महिन्याला लिफ्टचे नि पाण्याचे पैसे मात्र द्यावे लागतात. त्या खोलीचा भाव लाखांत आहे. ती विकून त्यांनी जायचं कुठे?

बंगल्यांमुळे पंचायतीला कर मिळतो, पोरांना वॉचमनचं काम मिळतं, हे खरं आहे. नाकारून चालणार नाही. "विकू नका" म्हणणंही सोपं आहे. घरात आजारपण आलं, पोरीचं कॉलेज आलं, की माणूस काय करणार? म्हणून हे एकेकट्याने सोसायचं नाही. अडचण गावात सांगायची, आणि अंगठा देण्याआधी सांगायची.

आम्ही पट्टी भरू नका असं म्हणत नाही. उलट भरा आणि पावती जपून ठेवा. वनहक्काच्या दाव्यात मतदार कार्ड, रेशन कार्डासारखीच घरपट्टीची पावतीही पुरावा धरली जाते. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पावती कुणाकडे असेल तर ती पत्र्याच्या पेटीत ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा. आमच्या कित्येक झोपड्यांची कुठल्याच वहीत नोंद नव्हती. एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. पावती नाही म्हणून नळ नाही, आणि नळाचं बिल नाही म्हणून पुरावा नाही. तुमचं तसं होऊ देऊ नका.

तर गावोगावच्या ग्रामसभांनी एवढं करावं:

१. ग्रामपंचायतीचा नमुना ८ सगळ्यांसमोर वाचून घ्यावा. कुणाचं घर कोणत्या प्रकारात लावलंय ते बघावं. कुडाचं घर पक्क्यात लागलं असेल तर दुरुस्त करून घ्यावं. बाईचंही नाव लावावं.

२. नवीन आकारणीची यादी लागली की मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी.

३. सरकारने ठरवलेल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांमध्ये कोणता दर लावायचा, हे पंचायत ठरवते. राहत्या कुडाच्या घरांना कमीत कमी दर ठेवा, असा ठराव करावा.

४. फार्महाऊस, बंगले, रिसॉर्ट यांची नोंद झाली आहे का, वापर खरा लिहिला आहे का, ते तपासावं. त्यांची पट्टी किती येते आणि कुठे खर्च होते, ते ग्रामसभेत विचारावं.

५. गावात कोणीही विसार, साठेखत, मुखत्यारपत्र आणलं तर सही-अंगठ्याआधी ते ग्रामसभेत वाचलं जावं. पेसाच्या गावांत जमीन हातची जाणं थांबवण्याचा आणि बेकायदा गेलेली परत आणण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो वापरावा.

आमच्यापर्यंत मुंबई आली तेव्हा आम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं. तुम्हाला सांगायला आम्ही आलो आहोत. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने नमुना ८ ची नक्कल घेऊन यावं. आपण एकत्र बसून वाचू.

जोहार! जिंदाबाद!