यकृत थकतें तेव्हां

मनुष्याच्या उजव्या बरगड्यांखालीं सुमारें दीड किलो वजनाचें यकृत मुकाट्यानें राबत असतें. साखर सांठवून लागेल तशी रक्तांत सोडणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें निर्माण करणें, आंतड्यांतून येणाऱ्या अमोनियाचें युरियांत रूपांतर करणें, हीं सारीं कामें त्याच्याकडे असतात. तीं थांबलीं म्हणजे रक्तांतील साखर घसरते, रक्तस्राव आवरत नाहीं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोंचून रोगी प्रथम बरळतो, मग गुंगींत जातो. शेवटीं मेंदूला सूज येते.

अत्यवस्थ रोग्याचें यकृत दोन प्रकारें खचतें. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा सुमारें चौथा हिस्सा यकृतांतून वाहतो. रक्तदाब एकाएकीं कोसळला कीं त्याच्या पेशी मरूं लागतात. दाब वेळींच सावरला तर यकृतही बहुधा कांहीं दिवसांत सावरतें.

दुसऱ्या प्रकारांत घाला यकृतावरच पडतो. १९५५-५६ सालीं दिल्लींत दूषित पाण्यामुळें काविळीची मोठी साथ पसरली. तींत गर्भवती स्त्रियांना विशेष धोका पोंचला. पॅरासिटामोलसारखें घरगुती औषधही प्रमाणाबाहेर घेतल्यास घातक ठरतें. पहिल्या दिवशीं रोगी ठीक दिसतो, पण आंत नाश चालूच असतो. अ‍ॅसेटिलसिस्टीन हा यावरील उतारा आठ तासांच्या आंत दिल्यास यकृत बहुतेक वाचतें.

अतिदक्षता विभागांतील उपचार म्हणजे मुख्यतः अवधि मिळविणें होय. शिरेंतून ग्लुकोज देणें, जंतुसंसर्गावर लक्ष ठेवणें, डोकें किंचित् उंच ठेवणें, मूत्रपिंडें थकल्यास यंत्रानें रक्त शुद्ध करणें, हे ते उपाय. कारण पुन्हां वाढण्याची शक्ति यकृताइतकी दुसऱ्या क्वचितच अवयवांत असते.

एवढ्यानेंही न भागल्यास प्रत्यारोपण उरतें. अमेरिकेंत डॉक्टर टॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं पहिला प्रयत्न केला. रोगी वांचला नाहीं. १९६७ सालीं मात्र त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर एक बालिका वर्षाहून अधिक जगली. आतां जिवंत आप्ताच्या यकृताचा भागही देतां येतो, व दात्याचें यकृत पुन्हां वाढतें.

तेव्हां कावीळ झालेला मनुष्य दिवसा पेंगूं लागला, असंबद्ध बोलूं लागला किंवा त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें, तर कावीळ उतरविणाऱ्याच्या दारीं वा झाडपाल्याच्या शोधांत एक प्रहरही न दवडतां मोठें रुग्णालय गांठावें. तेथील सारे उपाय रोगी वेळेवर पोंचण्यावर अवलंबून असतात.