ताप उतरल्यानंतर



१९१८ च्या साथीला आपल्या पणजोबांनी ‘मानमोडी’ म्हटले. २०२१ च्या एप्रिलात आम्हांला करोनाने गाठले, तेव्हा मान शाबूत राहिली. मोडले ते मन. ताप १२ दिवसांत गेला. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला, घरच्यांनी देवापुढे पेढे ठेवले, आणि त्याच रात्रीपासून आमची झोप उडाली. पहाटे ३ वाजता छाती धडधडे. वर्तमानपत्र चार ओळींपुढे वाचवेना. डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट उत्तम आहेत. मन घट्ट करा.” त्याचे औषध मात्र चिठ्ठीवर नव्हते!

हा आमचाच हळवेपणा म्हणावा, तर त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी करोना होऊन गेलेल्या २,३६,३७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक रुग्ण अमेरिकेतले. ६ महिन्यांत सुमारे ३४ टक्क्यांच्या नावे मेंदूचा वा मनाचा विकार नोंदलेला. काहींचा जुना असेल, पण सुमारे १३ टक्क्यांना तो प्रथमच.

बरे, जावे कोठे? तालुक्याला मनाचा डॉक्टर नाही. जिल्ह्याला तो बुधवारी बसे. आम्ही गेलो त्या दोन्ही बुधवारी त्याला साथीच्या कामावर धाडलेले. तिसऱ्या खेपेला भेटला, तो बिचारा घाईत. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. हक्क कागदावर होता, आम्ही एस.टी.च्या फलाटावर होतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने ‘टेलि-मानस’ सुरू केले : फोन १४४१६. तो आकडा आमच्या घरी दिनदर्शिकेवर लिहिलेला आहे, दुधाच्या हिशेबाशेजारी.