भरती-ओहोटीची वीज

चंद्रसूर्यांच्या आकर्षणानें सागराला भरती-ओहोटी येते, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच शक्तीनें नगरांतले दिवे उजळतां येतात, हें फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखाशीं १९६६ सालीं सिद्ध झालें.

तेथें भरतीचें पाणी सरासरी सुमारें ८ मीटर चढतें. ७५० मीटर लांबीच्या बांधामागें तें कोंडावयाचें आणि बाहेरील समुद्र ओसरला कीं २४ प्रचंड पाणचक्क्यांतून सोडावयाचें. कोळसा नको, धूर नाहीं. वारा लहरी, चंद्र मात्र नेमाचा. त्यामुळें वीज केव्हां मिळेल, हें पंचांगांतील तिथीप्रमाणें आगाऊ सांगतां येतें.

परंतु हें देणें फुकट मिळालें नाहीं. बांधकामासाठीं नदीचें मुख सुमारें तीन वर्षें बंद राहिलें. समुद्राचें पाणी आंत येईना. तेथील जलचर बहुतांशीं नाहींसे झाले. मुख मोकळें झाल्यावरही जीवसृष्टि सांवरावयास सुमारें दहा वर्षें लागलीं.

दक्षिण कोरियांत नेमकें उलट घडलें. १९९४ सालीं भिंत घालून समुद्रापासून तोडलेलें शिह्वा सरोवर सांडपाण्यानें नासलें. २०११ सालीं त्याच भिंतींत वीजकेंद्र सुरू झालें, भरतीचें पाणी रोज आंत-बाहेर खेळूं लागलें आणि सरोवर पुष्कळ निवळलें.

सागरापासून शक्ति अवश्य घ्यावी. मात्र त्याचा श्वास कोंडून घेऊं नये.