वाटाघाटीचा अधिकार आणि सभासदांचा विश्वास



छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत एस.टी. गाड्यांची बांधणी होते. वेतनकरारासाठी तेथील एकट्या कारागिराचे म्हणणे महामंडळापुढे टिकणार नाही. म्हणून त्याच्या वतीने संघटना बोलते. कामगार संघांच्या मान्यतेविषयीच्या १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाने या अधिकाराला कसोटी लावली. सतत ६ महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तरच औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येईल, असे ठरले. दर ३ महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक व्हावी, ठरावांची नोंद राहावी, अशी बंधनेही आली.

परंतु मान्यता न्यायालय देते. विश्वास सभासदांकडूनच मिळवावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये संघटनांच्या कृती समितीने तडजोड स्वीकारली, तरी अनेक आगारांतील कामगार कामावर परतले नाहीत. शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. खेड्यापाड्यांतील विद्यार्थ्यांची गाडी थांबली, कामगारांच्या घरचे वेतन थांबले. विलीनीकरण मात्र झाले नाही.

वाटाघाटीस जाण्यापूर्वी सभासदांचे ऐकावे आणि सही करण्यापूर्वी कराराचा अर्थ त्यांना समजावून द्यावा, हेच प्रतिनिधीचे पहिले कर्तव्य होय.