फटका बसला; धडा कोण घेणार?

(वणी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



मी खेड्यांतला मास्तर. कोणत्याहि पक्षाची तळी उचलण्यास मी येथें उभा नाहीं. मुलाचें गणित चुकलें तर मी त्याला लगेच पाटी पुसूं देत नाहीं. आधीं चूक कोठें झाली तें दाखीव म्हणतों. आपल्या भागानें पुढाऱ्यांना दिलेल्या फटक्यांचें गणित आज तसेंच मांडावयाचें आहे.

२००९ सालापासून आपली वणी चंद्रपूर लोकसभा मतदारसंघांत मत देते. तेथून चारदां निवडून आलेले, केंद्रांत राज्यमंत्री असलेले हंसराज अहीर यांना २०१९ सालीं मतदारांनीं घरीं बसविलें. बाळू धानोरकर निवडून आले. महाराष्ट्रांत काँग्रेसच्या पदरांत पडलेली ती एकच जागा. २०२३ सालीं ते वारले. पुढें २०२४ च्या एप्रिलांत राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार उभे राहिले, आणि प्रतिभा धानोरकर यांनीं त्यांना २,६०,४०६ मतांनीं हरविलें.

आतां गंमत ऐका. सातच महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, विधानसभेचें मतदान झालें. याच मतदारसंघांतील सहा जागांपैकीं राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा व आर्णी या पांच जागा भाजपानें जिंकल्या. एप्रिलांत पडलेले मुनगंटीवार बल्लारपुरांत निवडून आले. वरोऱ्याला काँग्रेसनें खासदारबाईंच्या भावाला उभें केलें होतें, तेथेंहि हार. एकट्या वणीनें उलट केलें. दोनदां निवडलेले भाजपाचे संजीवरेड्डी बोदकुरवार यांना बाजूस सारून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे संजय देरकर निवडले.

शहाणे लोक म्हणतात, मतदार चंचल. मी म्हणतों, असें बोलणारानें बैल पाळलेला नाहीं. जुवाखालीं खांदा सोलला म्हणजे बैल दावें तोडून शेजाऱ्याच्या गोठ्यांत शिरतो. धनी त्याला काठीनें बडवितो, पण खांदा पाहत नाहीं. शेजारी म्हणतो, बैल माझाच झाला. दोघेहि चुकले. शेजाऱ्यानें तेंच जूं घातलें तर बैल त्याचेंहि दावें तोडील.

१९७७ सालीं रायबरेलीनें खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींना पाडलें. जिंकलेल्यांनीं लोकांचा राग ही आपली मिळकत समजून आपसांत भांडणें मांडलीं. १९८० सालीं त्याच रायबरेलीनें इंदिराबाईंना पुनः निवडून दिलें.

आपला खांदा कशानें सोलला? एकच कारण सांगणारा फसवितो. ‘चारशें पार’ची घोषणा ऐकून घटनेला हात लागेल अशी धास्ती पुष्कळांनीं घेतली होती. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षीं क्विंटलला ४,८९२ रुपये ठरला, पण बाजारांत त्याहून कमी भावानें विकावें लागलें. जुलैपासून बहिणींना महिना १,५०० रुपये जाहीर झाले, तेंहि लोकांनीं हिशेबांत धरलें. ज्यानें दिलें त्याचें जमेस, ज्यानें बुडविलें त्याचें नांवें. हा चंचलपणा नव्हे, ही खतावणी आहे.

म्हणून हरलेल्यानें मतदाराला कृतघ्न म्हणूं नये, खांदा पाहावा. जिंकलेल्यानें मत हें आंदण समजूं नये. आणि जागा म्हणजे सातबारा नव्हे, कीं वारसानें नांव लावून घ्यावें.

पण बंधूंनो, खांदा आपला आहे. पांच वर्षांतून एकदां दावें तोडणें सोपें. दर हंगामांत जखम दाखविणें अवघड. ग्रामसभेंत उठून विचारा, बाजार समितींत विचारा. कागद वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या पोरीला जवळ बसवून वाचून घ्या. तें केलें नाहीं तर दर निवडणुकीला पाटी तेवढी पुसली जाईल आणि गणित तेंच चुकत राहील.