बलोपासनेची शाळा निवडताना



मुलाला कराटेला घालावे, ज्युदोला की मर्दानी खेळांना, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. त्याआधीचा प्रश्न मात्र बहुधा राहूनच जातो : मूल कोणाच्या हाती सोपवायचे? विद्या कोणतीही असो, बालमनावर ठसा उमटतो तो ती शिकविणाऱ्याचा.

महाराष्ट्राला बलोपासना नवी नाही. समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवसंजीवनी दिली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली, तर दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली उभे राहिले. वंदनीय लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि मुलींच्या शारीरिक शिक्षणालाही संघटनेचे बळ लाभले. या परंपरेत बळ हे मिरविण्याचे भूषण नव्हते. दुर्बळाच्या रक्षणासाठी ते कमवायचे होते.

म्हणूनच केवळ नावावर जाऊ नये. २०२२ साली पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मल्लखांब, गतका, थांग-ता आणि कळरिपयट्टू यांना स्थान मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु स्वदेशी नावाची पाटी लावली म्हणजे वर्ग चांगला ठरत नाही, आणि परदेशी म्हणून एखादी विद्या त्याज्यही ठरत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात ज्युदोचा पाया घातला, तो चारित्र्यघडणीचे साधन म्हणूनच. काळा पट्टा ही त्या साधनेतील एक पायरी. आज मात्र काही वर्गांत दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेचे वेगळे शुल्क आणि प्रत्येक मूल उत्तीर्ण, असा व्यवहार चालतो. तेथे पट्टा कमावला जात नाही, विकत घेतला जातो. अशा पट्ट्याने निर्माण झालेला खोटा आत्मविश्वास प्रसंगी मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

पालकांनी प्रवेशापूर्वी किमान दोन वेळा संपूर्ण वर्ग बसून पाहावा. सर्वांत चपळ मुलाकडे नव्हे, सर्वांत मागे पडणाऱ्या मुलाकडे लक्ष द्यावे. शिक्षक त्याला हात देतो की त्याची टिंगल करतो, यातच संस्थेची परीक्षा आहे. जमिनीवर गाद्या आहेत का, अंग मोकळे करून घेतात का, वय आणि वजन पाहून जोड्या लावतात का, प्रथमोपचाराची सोय आहे का, हेही पाहावे. डोक्यावर घातलेले संरक्षक टोप जखम टाळते. मेंदूला बसणारा हिसका टाळीलच असे नाही. डोक्याला मार लागून मुलाला गुंगी किंवा उलटी आली, तर सराव तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे नेणे भाग आहे. स्पर्धेच्या वजनगटासाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवणारा शिक्षक तर सर्वथा वर्ज्य मानावा.

एक विषय संकोचाने टाळला जातो, तो टाळू नये. जेथे पालकांना वर्ग पाहण्यास मज्जाव असतो, जेथे मुलाला एकटे थांबविले जाते, तेथून मूल काढून घ्यावे. विद्येसाठी लागणारा स्पर्श कोणता आणि नको असलेला कोणता, हे मुलामुलींना घरीच सांगावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. संस्थेच्या लौकिकापोटी ती दडपणे हा गुन्हा आहे. गुरूविषयी आदर म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे.

सहा महिन्यांनी पदके मोजू नयेत. मुलाचे वर्तन पाहावे. धाकट्या भावंडावर तो हात उगारू लागला असेल, तर शिक्षण चुकले. शाळेत दांडगाई सोसणाऱ्या सोबत्याच्या शेजारी तो न घाबरता उभा राहू लागला असेल, तर निवड सार्थ ठरली. बलोपासनेचे खरे प्रमाणपत्र तेच.