मधला आकडा

हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जरा घ्या. तीन अंकी एक संख्या लिहा, कुठलीही. अट एकच, पहिला आकडा शेवटच्यापेक्षा मोठा हवा. आता तीच संख्या उलटी लिहा आणि पहिलीतून वजा करा. जी वजाबाकी आली ती पुन्हा उलटी करा आणि या दोन्हींची बेरीज करा. झाली? तुमचं उत्तर १०८९ आलेलं आहे. कुणाचं १९८ आलं असेल तर कागद फाडू नका, त्याच्याकडे मी नंतर येणार आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. केलं तेही मराठी घेऊन. गणितावर बोलण्याचा मला तसा अधिकार नाही. पण या १०८९ मुळे आमच्या घरात जे घडलं, ते सांगण्याचा आहे.

आमचं गाव निमगाव सावा, जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं. अब्बा बांगड्या विकायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ. डझनाचा भाव सांगा, पाच बांगड्यांचे पैसे बोट न मोडता सांगायचे. बेल्ह्याच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे चालत, तेही चेहऱ्यांवरून ओळखतो म्हणायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

१९८४ साली आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, दहावी पास झाली. जुन्नरला अकरावीला घालायचं ठरलं. फॉर्म भरून फळीवर ठेवलेला होता. त्याच आठवड्यात बाजारात एक माणूस झाडाखाली बसलेला अब्बांना भेटला. पुढ्यात पितळी ताट, ताटात दगडाखाली घडी घातलेली चिठ्ठी. त्यानं अब्बांना संख्या धरायला सांगितली. 'थोरला पुढं, धाकटा मागं, तरच विद्या लागू होते,' असं बजावलं. अब्बांनी धरली ७५२. उलटी २५७. वजा केली, ४९५. उलटी ५९४. बेरीज १०८९. चिठ्ठी उघडली तर आत १०८९.

मला पुढं वाटायचं, हिशेबात इतका पक्का माणूस फसला कसा? पण पक्का होता म्हणूनच फसला. संख्या त्यानं स्वतः निवडलेली, वजाबाकी त्याच्याच हातची. दुसऱ्याच्या हातावर माणूस संशय घेतो, स्वतःच्या हातावर कसा घेणार? बोलता बोलता आपाच्या शिक्षणाचंही अब्बांनीच सांगून टाकलं. त्यावर तो माणूस म्हणाला, मुलीला मावळतीकडे पाठवू नका, घात आहे. जुन्नर आम्हाला मावळतीलाच. एकवीस रुपये देऊन अब्बा एक ताईत घेऊन आले. तो दाराच्या चौकटीला लागला आणि फॉर्म फळीवरच राहिला. आपा काही बोलली नाही. आमच्या घरात मुली अशा वेळी बोलत नसत. वर्षाच्या आत तिचं लग्न ठरलं.

मी तेव्हा आठवीत होतो. तो खेळ मला पाठ झाला होता. वहीची मागची पानंच्या पानं मी १०८९ नं भरली. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर येई आणि प्रत्येक वेळी त्या माणसाची भीती वाढे. नववीत गेल्यावर एकदा ४४३ घेतले. उलटे ३४४. वजाबाकी ९९, उलटी केली तरी ९९, बेरीज १९८. मी वही घेऊन गणिताच्या सरांकडे पळालो. 'सर, खोटं पडलं!' सर हसले. म्हणाले, 'शतकाच्या घरात काही नाही म्हणजे तिथं शून्य आहे, ते मांड.' ०९९ उलटे ९९०. बेरीज १०८९. माझा चेहरा पडला. तेव्हा सर जे म्हणाले ते आजही लक्षात आहे. 'शंभर वेळा खरं ठरलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे. एकशे एकाव्या वेळेचं काय?' आणि त्यांनी खडू घेतला.

समजा, म्हणाले, शतकाचा आकडा अ, दशकाचा ब, एककाचा क. 'समजा' हा शब्द तोवर मला गोष्टीतला वाटायचा, गणितातला नव्हे. संख्या झाली शंभर अ, अधिक दहा ब, अधिक क. उलटी केली की शंभर क, अधिक दहा ब, अधिक अ. वजा करा. दहा ब मधून दहा ब गेले, ब संपला. उरले नव्व्याण्णव अ वजा नव्व्याण्णव क, म्हणजे अ आणि क यांच्यातल्या फरकाची नव्व्याण्णव पट. आता हा फरक असून असून किती असणार? एक ते नऊ. म्हणजे वजाबाकी नऊच प्रकारची : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. अटीत बसणाऱ्या संख्या साडेचारशे आहेत. त्या सगळ्या या नऊ दारांतून जातात.

आता या नऊ संख्या नीट पाहा. मधे कायम ९ आणि कडेच्या दोन आकड्यांची बेरीजही कायम ९. उलटी करून मिळवा : एककात नऊ, दशकात नऊ नि नऊ अठरा, आठ मांडले, हातचा एक, शतकात नऊ आणि हातचा एक, दहा. एक हजार एकोणनव्वद. दुसरं उत्तर येऊच शकत नाही. 'थोरला पुढं' ही अटही विद्येची नव्हती, वजाबाकी जमावी म्हणून होती. आणि पहिला-शेवटचा आकडा सारखा असता तर हाती शून्य आलं असतं आणि त्या माणसाचा धंदा बसला असता.

अब्बांच्या कागदावरचे ते ४९५ मला पुढं पुन्हा भेटले. देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्याविषयी वाचताना. कुठल्याही तीन अंकी संख्येचे आकडे उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. तेच पुनःपुन्हा करत गेलात की ४९५ वर येऊन थांबता. आकडे तिन्ही सारखे नसले की झालं. चार अंकी संख्येत ६१७४ वर. कापरेकरांचा हा शोध १९४९ चा, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं. तिथं एका ओळीची सिद्धता चालत नाही, पण अ-ब-क-ड मांडलं की जवळजवळ नऊ हजार संख्यांची तपासणी ५४ वर येते. आणि बीजगणित हे नाव तर भास्कराचार्यांच्या ग्रंथाचंच, ११५० सालचं. शहाजहानच्या काळात अताउल्ला रुश्दींनी ते फारसीत नेलं. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, बगदादमध्ये अल ख्वारिज्मींनी या हिशेबाला अल-जब्र म्हटलं होतं. जब्र म्हणजे निखळलेलं हाड बसवणं. एकीकडे बीज, दुसरीकडे हाडवैद्य. कवीला आणखी काय हवं!

असो. तर त्या रात्री मी बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि अब्बांसमोर बसलो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अ-ब-क मराठीतच सांगितलं. अब्बांनी दोनदा ऐकलं. नऊच्या नऊ वजाबाक्या स्वतः करून पाहिल्या. मग बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले, 'फिर बीच का आकडा काय कू पूछ्या उने?' मधला आकडा विचारलाच कशाला मग?

मी म्हणालो, नुसता दाखवायला, अब्बा. त्याचा कशाशीच संबंध नाही.

सकाळी चौकटीला ताईत नव्हता. तो कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांनी आपाचं लग्न झालं. पुढं धाकटीला अब्बांनी स्वतः एस.टी.त बसवून जुन्नरला नेलं. ती शिक्षिका झाली. आपाजवळ मात्र त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. चाळीस वर्षं.

मागच्या ईदेला आपाकडे गेलो होतो. तिच्या नातीला मी हाच खेळ घातला. पोरीनं नेमके ६१५ घेतले, वजाबाकी ९९ आली आणि उत्तर १९८. 'नाना, चुकलं तुमचं!' म्हणून ती नाचायला लागली. मी काही बोलणार तेवढ्यात आतून आपाचा आवाज आला, 'नव्व्याण्णवच्या आधी शून्य मांड गं.'

मी आत जाऊन विचारलं, 'आपा, हे तुला कुणी सांगितलं?'

'त्या रात्री चुलीपुढं मीच नव्हते का भाकऱ्या थापत,' ती म्हणाली, आणि शीरखुर्म्याचा वाडगा माझ्या हातात दिला.